चार-सी रिकामी गेली

त्या दिवशी मी दोन विमानांत दोन जागा अडवून ठेवल्या होत्या आणि स्वतः बसलो होतो तिसऱ्याच ठिकाणी, ऑफिसच्या बैठकीत, भिंतीला पाठ लावून. दोन्ही विमानं एकाच गावाला जाणारी. एक दुपारी बारा चाळीसचं, दुसरं संध्याकाळी साडेपाचचं. बैठक लवकर आटोपली तर पहिलं गाठायचं, लांबली तर दुसरं. आमच्यासारखी महिन्यातून आठ वेळा उडणारी मंडळी हे सर्रास करतात आणि कोणी त्याला पाप म्हणत नाही. तिकीट वरच्या दर्जाचं असतं, हवं तेव्हा रद्द करता येतं. घरातून चहा पिता पिता फोनवर चेक-इन उरकून जागा पक्की करता येते. आणि खिशात गोल्ड कार्ड असतं. गोल्ड कार्ड म्हणजे हा माणूस जन्मभर घरात थांबला नाही, याचं विमान कंपनीने दिलेलं प्रशस्तिपत्रक.

बारा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. विमानतळावरून एक बाई बोलत होत्या. सगळे प्रवासी गेटवर आले, फक्त तुम्ही राहिलात, कुठवर आलात, असं विचारत होत्या. बैठक अर्ध्यावर आली होती. आता सुटली आणि विमानालाही उशीर झाला तर, म्हणून पहिल्या विमानाची आशा मला सोडवेना. मी टेबलाखाली वाकलो, तोंडावर हात धरला आणि म्हणालो, "आलोच. पाच मिनिटं. जागा सोडू नका."

विमानतळ तिथून चाळीस मिनिटांवर होता.

आपण खोटं बोललो असं मला वाटलंही नाही. नळ दुरुस्त करणारा म्हणतो, शिंपी म्हणतो, मीही बायकोला रोज म्हणतो. 'आलोच' म्हणणारा माणूस कुठे असतो हे जगाला ठाऊक आहे. होता तिथेच असतो. बैठक तीनपर्यंत चालली, मी आरामात साडेपाचचं विमान धरलं आणि ते पाच मिनिटांचं बोलणं विसरूनही गेलो.

त्या पाच मिनिटांनी काय केलं ते मला तीन महिन्यांनी समजलं, आणि तेही मास्तरांकडून नाही. मास्तर सांगणाऱ्यातले नव्हेत. त्यासाठी आधी मास्तर कोण ते सांगायला हवं.

मास्तरांनी शाळेत कधी खडू धरला नाही. विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर त्यांची एकतीस वर्षं गेली. कोणी कुठे बसायचं हे सांगण्यात हयात गेली म्हणून ते मास्तर. उंच, किडकिडीत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, टायची गाठ कायम अर्धा इंच डावीकडे. बोलणं हळू, पण असं की पुढचा माणूस आपोआप खिशातून हात बाहेर काढतो. काउंटरखाली त्यांनी एक लाकडी खोकं ठेवलं होतं. त्यावर आळीपाळीने एकेक पाय टेकवून ते आठ तास उभे राहत. दीडशे माणसांना रोज जागा देणाऱ्या या माणसाला कंपनीने बसायला स्टूल दिलं नव्हतं. कोणी हे बोलून दाखवलं की ते म्हणत, "माझं कार्ड कुठल्याच रंगाचं नाही ना."

विमानात जागा कशी मिळते याविषयी लोकांच्या अजब समजुती असतात. कोणाला वाटतं जो आधी येईल त्याला. कोणाला वाटतं जो मोठ्याने ओरडेल त्याला. काही जण गोड हसून पाहतात. मास्तर सगळ्यांचं ऐकून घेत आणि पडद्याकडे बघत. पडद्यावर यादी असे. सर्वांत वर गोल्डवाले, मग सिल्व्हर, मग निळ्या कार्डाचे, मग ज्यांनी चढ्या दराने तिकीट घेतलं ते, आणि तळाशी बाकीची जनता, ज्याने त्याने चेक-इन केलं त्या क्रमाने. पुढच्या रांगा वरच्यांसाठी राखून ठेवलेल्या. विमानं भरतात ती जागांपेक्षा चार-सहा तिकिटं जास्त विकून, कारण चार-सहा जण येत नाहीतच, असा कंपनीचा अनुभव. पण कधी कधी सगळेच्या सगळे येतात. अशा वेळी कोणाला तरी बाहेर राहावं लागतं, आणि तो कोण हे यादीचा तळ ठरवतो. त्याला बोर्डिंग पास मिळतो, पण त्यावर जागेचा आकडा नसतो. गेटवर थांबा, नाव पुकारलं तर या.

एकदा निळ्या कार्डाच्या एका गृहस्थांनी मास्तरांना हैराण केलं. पुढची रांग पाहिजे म्हणजे पाहिजे. मास्तर म्हणाले, "साहेब, पुढे बसलेला माणूस मागच्याच्या आधी पोचलेला मी एकतीस वर्षांत पाहिला नाही." गृहस्थ पेटले. मग या कार्डाचा उपयोग तरी काय, असं त्यांनी विचारलं. मास्तरांनी शांतपणे सांगितलं की आपल्या पुढे किती लोक आहेत हे समजतं, हा काय कमी उपयोग झाला?

पण ते यादीवर चिडणाऱ्यांतले नव्हते. उलट यादीवर त्यांची श्रद्धा होती, आणि तिला कारण होतं. ते नोकरीला लागले तेव्हा काउंटरवर जागांचा कागदी तक्ता असे. प्रत्येक जागेसाठी एक लहानशी डिंकाची पट्टी. ती सोलायची आणि प्रवाशाच्या कार्डावर डकवायची. सकाळी तक्ता हातात येई तेव्हा पुढच्या चार रांगा आधीच सोललेल्या असत. एक साहेबांच्या मेहुण्यासाठी, एक मेहुण्याच्या मित्रासाठी, एक कोणासाठी तरी लागेल म्हणून. एकदा एका पोटुशी बाईला पुढची पट्टी डकवून झाल्यावर मास्तरांना ती स्वतःच्या नखांनी सोलून परत घ्यावी लागली होती, कारण वरून फोन आला. कार्डावर डिंकाचा चौकोन राहिला होता, त्यावरून त्या बाई अंगठा फिरवत राहिल्या. पुढे तक्ते गेले, पडदे आले, तेव्हा जुनी मंडळी करवादली. आनंद झाला तो एकट्या मास्तरांना. ते म्हणाले, "यंत्राला मेहुणा नसतो."

नवीन माणसांना कामावर तेच तयार करत. त्यांतली एक 'नवी'. पाच वर्षं नोकरी झाली, लग्न झालं, एक मूल झालं, तरी तिचं नाव नवीच राहिलं, कारण तिच्यानंतर कंपनीने कोणाला घेतलंच नाही. तिला मास्तरांनी यादी शिकवली ती आईने पाढे शिकवावेत तशी. गोल्ड प्रवासी वेळेत गेटवर आला नाही तर त्याला फोन करायचा. उचलला नाही, नाव काढायचं. येत नाही म्हणाला, नाव काढायचं. येतो म्हणाला तर दार बंद व्हायच्या वेळेपर्यंत जागेला हात लावायचा नाही. बाकीच्यांना फोन वगैरे काही नाही, पाऊण तास आधी नाव गेलंच. नवीने एकदा विचारलं होतं की गोल्डवाला खोटं बोलला तर? मास्तर म्हणाले होते की खरंखोटं बघणं आपल्या कामात येत नाही, आपण शब्द लिहून घ्यायचा.

मास्तरांना एक बहीण होती, अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच त्यांना वाढवलं. शाळेत पोचवणं, उवा काढणं, मार देणं आणि मग मार दिला म्हणून स्वतःच रडत बसणं, हे सगळं तिने केलं. लग्न होऊन ती दूरच्या गावी गेली. विमानात बसली ती आयुष्यात एकदाच, मास्तरांच्या मुलीच्या लग्नाहून परत जाताना. भाऊ काउंटरवर, म्हणून ताई नटूनथटून आली होती. मास्तरांनी यादी पाहिली. ताईकडे कार्ड नव्हतं, तिकीट स्वस्तातलं, चेक-इन उशिरा. तिला सत्तावीस-बी मिळाली. शेवटची रांग, दोन धिप्पाड माणसांच्या मधली खुर्ची, मागे संडास. ताईने ही गोष्ट पुढे नऊ वर्षं सांगितली. घरी पाहुणा आला की म्हणायची, "माझा सख्खा भाऊ विमान कंपनीत, म्हणून मला संडासाचा शेजार मिळाला." मास्तर समोर असले तर दोनदा सांगायची. मास्तर हसत. त्यांच्या तोंडून मी हा किस्सा निदान चार वेळा ऐकला असेन, आणि दर वेळी त्यात संडासाचं दार जास्त वेळा उघडायचं.

त्या दिवशी सकाळी दहा वाजता काउंटरवर असतानाच मास्तरांना भाच्याचा फोन आला. ताईला चार दिवसांपूर्वी हॉस्पिटलात ठेवलं होतं, छातीत कफ झाला म्हणून. आता दोन्ही फुप्फुसं धरली होती. डॉक्टर घशात नळी घालून यंत्रावर ठेवणार होते. चारच्या पुढे थांबता येणार नाही म्हणाले. नळी घातली की बोलणं बंद. ताई शुद्धीवर होती आणि एकच धोशा लावून बसली होती. त्याला बोलावून घे, मला त्याला एक सांगायचंय. भाच्याने विचारलं, मला सांग, मी सांगतो मामाला. ती म्हणाली, तुला नाही.

बारा चाळीसचं विमान अडीचला पोचतं. विमानतळापासून हॉस्पिटल अर्ध्या तासावर. चारच्या आत तासभर हातात राहत होता. रेल्वेला चौदा तास लागले असते.

विमान भरलेलं होतं, विकत घ्यायला एकही तिकीट शिल्लक नव्हतं. कंपनीच्या माणसाला कंपनीच्या विमानातून जाता येतं, पण जागा उरली तर. प्रतीक्षायादीत त्याचा नंबर सगळ्यांच्या खाली. मास्तरांनी आपलं नाव स्वतःच पडद्यावर चढवलं. वर पाच जण होते, तिकीट असून जागा न मिळालेले. सहावे मास्तर. सुट्टीचा अर्ज लिहिला, वरच्या साहेबांची सही घेतली, टाय काढून खिशात घातला आणि हातात एक पिशवी घेऊन गेटवर गेले. तिथे काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहायची सवय. म्हणून आधी आत शिरले, मग लक्षात आलं आणि बाहेर येऊन प्रवाशांच्या बाजूला उभे राहिले.

गेटवर नवी होती. दोघांनाही यादी पाठ. न आलेल्यांची नावं एकेक करून जाऊ लागली तसा वरचा एकेक माणूस आत गेला. एक विद्यार्थी गेला. एक नवराबायको होते, त्यांच्यात आधी कोणी जायचं यावरून जुंपली, तोवर दुसरीही जागा निघाली आणि दोघं भांडतच आत गेली. एक सेल्समन. मग एक म्हातारे गृहस्थ, त्यांची काठी मास्तरांनीच त्यांना उचलून दिली. बारा वाजून आठ मिनिटांनी मास्तर यादीत पहिले झाले. विमानात एक जागा बाकी होती. चार-सी. गोल्ड.

नवीने नंबर फिरवला. मी टेबलाखाली वाकून जे बोललो ते बोललो. तिने फोन ठेवला आणि मास्तरांकडे पाहिलं.

"पाच मिनिटं म्हणतायत. मास्तर, मागे गाडीचा आवाज नाही. कोणीतरी आकडेवारी वाचतंय. हा माणूस खोलीत बसलाय."

मास्तरांनी पडद्यावरचं नाव वाचलं. म्हणाले, "ओळखतो मी यांना. येतील."

"मी फोन उचलला नाही असं लिहिते. काढते नाव."

"उचललाय."

"मास्तर, तुमची बहीण आहे ती."

"यादीत बहीण नसते," मास्तर म्हणाले. "बारा पंचविसला दार बंद. तोवर थांब."

नवीने मला नंतर सांगितलं, तेव्हा तिला त्यांचा राग आला होता, आणि स्वतःचाही. कारण पंधरा मिनिटं ते घड्याळाकडे बघत नव्हते. ते जिन्याकडे बघत होते. खाली जरा कोणाची बॅग खडखडली की त्यांची मान वर व्हायची. पहिल्यांदा सफाईवाला आला. दुसऱ्यांदा एक बाई आल्या, त्या चुकीच्या गेटवर आल्या होत्या. त्यांना मास्तरांनी बरोबर गेट दाखवलं. नवीने अठराला पुन्हा फोन लावला. तो मी उचलला नाही. तेव्हा वक्त्याने मला प्रश्न विचारला होता. ती म्हणाली, आता तर काढू? मास्तर म्हणाले, एकदा शब्द दिलाय, गाडी चालवत असतील.

पंचविसला तिने नाव काढलं आणि मास्तरांचं नाव घातलं. पण त्याच मिनिटाला विमानाचं वजनपत्रक वैमानिकाच्या हातात गेलेलं असतं. कोण किती, कुठे, सामान किती, सगळं त्यावर. माणूस वाढला की कागद बदलायला चारेक मिनिटं लागतात, आणि त्या दिवशी उड्डाणाची वेळ चुकली तर पुढची पाळी अर्ध्या तासाने मिळणार होती. नवी धावत खाली गेली. विमानाच्या दाराशी ड्यूटी ऑफिसर होता, तिशीचा, घाईत. जागा रिकामी आहे हे त्यालाही दिसत होतं. त्याने विचारलं, प्रवासी की स्टाफ? ती म्हणाली, स्टाफ, पण त्यांची बहीण... तो म्हणाला, "स्टाफ ना? मग संध्याकाळी बसवा."

वाईट माणूस नव्हता तो. त्यालाही यादी मास्तरांनीच शिकवली होती.

नवी वर आली तेव्हा मास्तर काचेपाशी उभे होते. विमान मागे सरकत होतं. त्यांनी विचारलं, चार-सी आले का? ती नाही म्हणाली. मग ते म्हणाले, "रस्त्यात काही झालं नसेल ना त्यांना?"

हे वाक्य नवीने मला सांगितलं तेव्हा मी तिला ते परत सांगायला लावलं नाही.

मास्तरांनी भाच्याला फोन करून संध्याकाळी येतो म्हणून सांगितलं. भाचा म्हणाला, मग आता फोनवर तरी तिच्याशी बोल. त्याने फोन ताईच्या कानाशी धरला. तोंडावर प्राणवायूचा मास्क, आजूबाजूला यंत्रांची टीवटीव. ती काहीतरी बोलली. मास्तरांनी तीनदा विचारलं, काय म्हणालीस? मग भाच्याने मास्क बाजूला सारला म्हणून नर्सने त्याला हाकललं.

आता यापुढचं मला कोणाकडून ऐकायची गरज नव्हती, कारण त्यात मी होतो. संध्याकाळच्या विमानाच्या गेटवर मास्तर मला बिनटायचे दिसले. मी खूश. वा मास्तर, आज तुम्हीपण आमच्यात, म्हणून मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. दुपारचं विमान कसं हुकलं, बैठकीत एक गाढव कसा आकडे वाचत बसला आणि दोन-दोन जागा अडवायची माझी युक्ती कशी कामाला आली, हे सगळं मी त्यांना रंगवून सांगितलं. ते ऐकत होते. मधे एकदा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "म्हणजे तुम्ही निघालाच नव्हतात?" मी हसून म्हणालो, छे हो. ते म्हणाले, बरं. आणि माझं नाव आधी पुकारलं म्हणून बाजूला सरकून त्यांनी मला वाट दिली. ते नंतर आले, शेवटच्या रांगेत. मी पुढून त्यांना हात केला.

ते पोचले तेव्हा नळी घालून चार तास झाले होते.

ताई आणखी नऊ दिवस होती. पहिले तीन दिवस डोळे उघडायची, माणूस ओळखायची. हात सुजले होते, पेन्सिल धरता येत नव्हती. भाच्याने पाटी धरून पाहिली, एक रेघ उमटली आणि पेन्सिल पडली. मग मास्तर विचारत बसले. हो असेल तर डोळे मिट, नाही असेल तर उघडे ठेव. भाच्याबद्दल आहे? उघडे. सुनेबद्दल? उघडे. कोणाला काही द्यायचंय? उघडे. आईबद्दल? यावर तिने डोळे मिटले, पण उघडलेच नाहीत, झोप लागली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. माझं काही चुकलं? तुझं काही चुकलं? सत्तावीस-बी? यावर तिच्या गालाला जरा खळी पडल्यासारखी वाटली, असं भाच्याचं म्हणणं. मास्तरांचं म्हणणं, नळीची पट्टी ओढली गेली असेल. तीन दिवसांत त्यांनी आठवतील तेवढ्या साऱ्या गोष्टी विचारल्या. लहानपणी हरवलेली चप्पलसुद्धा. चौथ्या दिवसापासून तिने डोळे उघडले नाहीत.

पंधरवड्याने मास्तर काउंटरवर आले. टाय अर्धा इंच डावीकडे, पाय खोक्यावर. मी महिन्यातून आठ वेळा त्यांच्यासमोर उभा राहत होतो. ते मला जागा देत होते, पास हातात ठेवत होते. विनोद कमी झाला होता. मला वाटलं, वय झालं. एकदा मी त्यांना ताईबद्दल विचारलंही, हल्ली सत्तावीस-बीचा किस्सा नाही ऐकला म्हणून. ते म्हणाले, गेली. मी हळहळलो, वाईट झालं म्हणालो आणि घड्याळ बघितलं.

तीन महिन्यांनी एका दुपारी विमानाला उशीर होता. गेटवर नवी होती. वेळ जायला म्हणून मी तिला माझी दोन विमानांची युक्ती सांगायला लागलो. ती माझं बोलणं संपेपर्यंत थांबली. मग माझ्या पासवरचं नाव वाचलं, जणू पहिल्यांदाच वाचत होती, आणि मी वर जे लिहिलं ते सारं तिने मला सांगितलं. आवाज चढवला नाही. मधेच एका प्रवाशाला तिने संडासाची दिशा दाखवली आणि पुढे सुरू केलं. शेवटी म्हणाली, "तुमचं नाव मी तेव्हाच काढणार होते. त्यांनी काढू दिलं नाही. तुमच्यावर विश्वास होता त्यांचा, साहेब. माझा नव्हता."

मी त्या विमानात बसलो नाही. म्हणजे बसलो, न बसून करणार काय होतो? पण कुठे बसलो ते मला आठवत नाही.

पुढच्या खेपेला मी काउंटरवर गेलो तेव्हा इतर काउंटरं मोकळी होती. मी मुद्दाम मास्तरांच्या रांगेत उभा राहिलो. पुढे चार जण होते. गोल्डवाल्यांसाठी वेगळी रांग असते, तिथे कोणी नव्हतं. मास्तरांनी मला खुणेने तिकडे जायला सांगितलं. मी मान हलवली आणि होतो तिथेच राहिलो. त्या चौघांत एकाने लहान बॅगेवरून वाद घातला, एकाला ओळखपत्र सापडेना. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात भाषण जुळवलं. त्यात अनावधान होतं, परिस्थिती होती, मला कल्पना नव्हती हे तीन वेळा होतं. भाषण चांगलं जमलं होतं.

माझी पाळी आली. त्यांनी हात पुढे केला, मी पासबुकासारखं ते गोल्ड कार्ड दिलं. ते नेहमीसारखे खटाखट बटणं दाबत होते. भाषणातला एकही शब्द मला आठवेना.

"मास्तर," मी म्हणालो, "त्या दिवशी चार-सी मी होतो."

"माहीत आहे." ते पडद्याकडेच बघत होते.

"मी निघालोच नव्हतो. येतो म्हणालो, ते खोटं होतं."

"तुम्हीच सांगितलंत की. संध्याकाळी."

माझ्या मागे कोणीतरी घसा खाकरला. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील. नियम तसाच आहे म्हणतील, तुम्हाला काय माहीत म्हणतील, होणारं चुकत नाही म्हणतील. माणसं म्हणतात असं. मी वाट पाहिली. प्रिंटरमधून पास बाहेर आला, त्यांनी तो फाडला, घडी घातली.

"मास्तर, मला माफ केलंत का?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तो असता तर बरं वाटलं असतं.

"नाही," मास्तर म्हणाले, "बॅग काट्यावर ठेवा."